चार प्लॉट, चार चुली, एक चौक: नाशकात कुटुंबाचं एकत्र आवार बांधताना

मखमली

सात-आठ वर्षं या फोरमवर वाचनमात्र आहे. पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मखमलाबाद शिवारात एका मंजूर ले-आऊटमध्ये आमच्या घरात मिळून चार प्लॉट आहेत. १३, १४ आणि १५ एका ओळीत, समोर नऊ मीटरचा रस्ता. १५ कोपऱ्याचा. २२ नंबर १४ च्या पाठीला पाठ लावून, त्याचं तोंड मागच्या रस्त्याला. प्रत्येक प्लॉट १२ बाय १८ मीटर, म्हणजे २१६ चौरस मीटर, दोन गुंठ्यांहून थोडा जास्त. १३ दादाच्या नावावर, १४ अण्णांच्या, १५ माझ्या आणि २२ ताईच्या. अण्णांनी नोकरीत असताना एकेक करून घेतले, तेव्हा तिथे रस्ताही नव्हता, चारी बाजूंनी द्राक्षबागा होत्या.

आज दादा इंदिरानगरला फ्लॅटमध्ये, ताई-दाजी नाशिकरोडला, मी पुण्याहून कायमचा परत यायच्या बेतात आणि आई-अण्णा पंचवटीत दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आईचे गुडघे बोलायला लागलेत.

बेत असा की मधल्या भिंती पाडायच्या, चारी प्लॉट कागदोपत्री एक करायचे, एकच दणदणीत गेट, मधे चौक आणि भोवती चार घरं. चौकात तुळस, पारिजातक, उन्हाळ्यात पापड-कुरडया. दादाचं म्हणणं, चार घरं कशाला, एकच मोठा बंगला बांधू, तळमजल्यावर एक स्वयंपाकघर. या शेवटच्या वाक्यानंतर जेवणाच्या ताटावर जी शांतता पसरली ती अजून उठलेली नाही.

आर्किटेक्टकडे जायच्या आधी इथल्या जाणत्यांकडून ऐकायचंय. प्लॉट एकत्र करावेत का? कोणी असं आवार केलंय का? काय चुकलं?

गुंठामंत्री

सरळ बिल्डरला द्या, आठ फ्लॅट काढेल, चार तुमचे. ना भिंत, ना भांडण. चौकात पापड वाळवायचे दिवस गेले हो.

दिंडीदरवाजा

गुंठामंत्री, आपलं नाव सार्थ करताय.

मखमली, कल्पना छान आहे, पण वाड्याच्या नावाने फार गहिवरू नका. माझं बालपण जुन्या नाशकात, तिवंध्याजवळच्या वाड्यात गेलं. दिंडी दरवाजा, ओसरी, चौक, माजघर, सगळं होतं. आठ बिऱ्हाडं आणि मागे दोन संडास. माजघरात भर दुपारी दिवा लावायला लागायचा. नवी लग्न झालेली काकू दोन वर्षं मोकळेपणी हसली नव्हती, कारण प्रत्येक हसणं चौकातून फिरून आजीपर्यंत जायचं. वाड्यातून चौक तेवढा उचला, बाकीचं तिथेच राहू द्या.

सातबारा

वकिली करतो, पण हा फुकटचा सल्ला आहे, तेवढ्याच किमतीचा समजा.

जमिनीवर काय हवं ते एक करा. कागदावर करू नका.

आज चार मालक, चार उतारे, चार स्वतंत्र मिळकती आहेत. हे मोठं भाग्य आहे, नाशकात याच्या उलट स्थितीतून सुटायला लोक पंधरा-पंधरा वर्षं कोर्टात येतात. एकत्रीकरण केलंत की चौघे अविभक्त हिश्श्याचे सहमालक. मग यातला कोणीही एक, किंवा उद्या त्याचा वारस, वाटपाचा दावा लावू शकतो. दादाला घरकर्ज हवं असेल तर बँकेकडे सगळी जमीन तारण जाते आणि तुम्ही, ताई, अण्णा सगळे सह्यांना. दादाचा हप्ता थकला तर नोटीस ताईच्या दारावर.

लोक म्हणतात, मग अपार्टमेंट करू, प्रत्येकाच्या नावे डीड होईल. महाराष्ट्राचा १९७० चा अपार्टमेंट मालकी कायदा किमान पाच सदनिकांना लागतो. तुमची घरं चार. त्या वाटेनेही जाता येत नाही.

शिवाय मालकीची फेररचना फुकट होत नाही. आई-वडिलांनी मुलाला किंवा मुलीला राहती मालमत्ता बक्षीस दिली तर मुद्रांक २०० रुपये, स्थानिक अधिभार वेगळा. भावाने भावाला किंवा बहिणीला दिली तर ही सवलत नाही.

आता खरी अडचण. तुमचा चौक येणार १४ वर, म्हणजे अण्णांच्या प्लॉटवर. अण्णांना शंभर वर्षं आयुष्य लाभो, पण मृत्युपत्र नसेल तर त्यांच्या स्वकष्टार्जित प्लॉटला आई, दादा, ताई आणि तुम्ही असे चौघे समान वारस लागतात. सगळ्या आवाराचं काळीज ज्या प्लॉटवर आहे तोच चार तुकड्यांत. तेव्हा नकाशाच्या आधी मृत्युपत्र. दोन साक्षीदार पुरतात, नोंदणी सक्तीची नाही, तरी करून टाका.

मखमली

बाप रे. घरात मृत्युपत्र हा शब्द काढायचा कसा?

सातबारा

काढू नका. अण्णांना विचारा, "तुमच्या मनात १४ चं काय आहे?" बहुतेक वडिलांच्या मनात उत्तर दहा वर्षांपासून तयार असतं, कोणी विचारत नाही म्हणून बसलेले असतात.

नकाशेवाला

सातबारांशी सहमत, आणि नियमांच्या बाजूनेही एकत्रीकरणात तुम्हाला फार काही मिळत नाही.

डिसेंबर २०२० पासून राज्याची एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली नाशकाला लागू आहे. मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं ते गुणोत्तर, १.१०. चार प्लॉट वेगळे ठेवा की एक करा, गुणोत्तर तेच. एका प्लॉटवर २३७ चौरस मीटरच्या आसपास, साधारण अडीच हजार चौरस फूट बांधकाम. नऊ मीटर रस्त्यावर पैसे भरून किंवा टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा बांधकामाचा हक्क, घेऊन वाढवता येतं, पण दोन मजली घराला त्याची गरज नाही.

एकत्र केल्याने मधल्या हद्दीची मार्जिनं, म्हणजे हद्दीलगत सोडायची मोकळी जागा, जातात, हा एकच फायदा. पण एका प्लॉटवर दोन इमारती उभ्या केल्या तरी त्यांच्यात अंतर सोडावंच लागतं. म्हणजे पुढच्या दाराने गेलेलं मागच्या दाराने परत येतं.

मग चौक कसा काढायचा? आरसा-नकाशा करा. प्लॉटची रुंदी १२ मीटर. १३ वर पश्चिमेला दीड मीटर मार्जिन, मग साडेसात मीटर रुंद घर, पूर्वेला उरले तीन. १४ वर उलट करा: पश्चिमेला तीन मीटर मोकळे, मग साडेसात मीटर घर, पूर्वेला दीड. १३ आणि १४ मधली भिंत काढली, किंवा बांधलीच नाही, की सहा मीटर रुंद चौक तयार. लांबी पुढचे तीन आणि मागचे दोन मीटर सोडून तेरा. सहा बाय तेरा म्हणजे चांगला ऐसपैस चौक झाला, त्यात लग्नाची हळद होते.

घराचं पाऊल साडेसात बाय तेरा, मजल्याला ९७ चौरस मीटर. दोन मजले १९५. चाळीसेक चौरस मीटर शिल्लक, उद्या मुलगा म्हणाला गच्चीवर खोली हवी तर घालता येईल. आणि या सगळ्यात कोणाचंही घर दुसऱ्याच्या हद्दीत एक इंचही नाही. दीड मीटर आणि तीन मीटर हे आकडे मी अंदाजाने धरलेत, तुमच्या प्लॉटला लागू मार्जिन तुमचा आर्किटेक्ट पक्कं सांगेल.

१५ कोपऱ्याचा आहे, दोन्ही रस्त्यांना पुढचं मार्जिन लागतं. तिथे पूर्वेला तीन, पश्चिमेला दीड, मधे तेच साडेसात. म्हणजे तिन्ही घरांचा सांगाडा एकच राहतो, सेंटरिंगचा खर्च वाचतो.

पाथर्डीफाटा

१४ आणि १५ जोडघर केलं तर? एक भिंत सामाईक. चौक आणखी दीड मीटर वाढेल.

नकाशेवाला

नियमात बसतं. पण सामाईक भिंतीला दोन्हीकडून न्हाणीघर आलं की ओल कोणाची हे ठरवायला तज्ज्ञ बोलवावा लागतो. मी करत नाही.

माजघर

सगळे पुरुषच बोलताहेत का?

आम्ही गंगापूर रोडच्या बाजूला असंच राहतो. तीन भाऊ, तीन घरं, मधे अंगण. बारा वर्षं झाली. चांगलं चाललंय, म्हणून खरं सांगते.

मखमली, तुमच्या धाग्यात दादा काय म्हणतो, तुम्ही काय म्हणता, आईचे गुडघे काय म्हणतात ते आहे. वहिनी काय म्हणतात? तुमची बायको? ताईला मागचा प्लॉट कसा आला, तिने निवडला की उरला?

आणि एकच स्वयंपाकघर नको. आमच्याकडे सुरुवातीला तसंच होतं. सकाळी साडेसहाला तीन बायका, एक ओटा. धाकटीला मुलाचा डबा साडेसातला हवा, मोठ्या जाऊबाईंना आधी देवाचा नैवेद्य, मला दहाला बँक. पोळ्या कोणी लाटायच्या यावर कोणी कधी भांडलं नाही. त्यापेक्षा वाईट झालं, कोणी काहीच बोललं नाही. दोन वर्षांनी धाकट्या दिरांनी वर छोटा ओटा घातला "चहापुरता". सहा महिन्यांत तिथे कुकर लागला. त्या दिवसापासून आमच्या घरात हसणं परत आलं. आता सणाला अंगणात एकत्र जेवतो, मोठी कढई चुलीवर चढते, आणि ते खरंच आवडीचं असतं.

दुसरं, प्रत्येक घराला रस्त्यावर स्वतःचं दार हवं. चौकातून जावं लागू नये. ऑफिसमधून रात्री नऊला थकून येणाऱ्या बाईला दहा जणांना "आले बरं का" सांगत आत शिरायचं नसतं. आमच्या पुतणीने तर नोकरी लागल्यावर पहिली गोष्ट केली, मागच्या खिडकीचं दार करून घेतलं.

दिंडीदरवाजा

बारा वर्षांचा अनुभव एका परिच्छेदात. +१. मखमली, हा प्रतिसाद छापून दादाला द्या.

मखमली

माजघर ताई, चोरी पकडलीत. बायकोला विचारलं होतं, "आवडेल ना तुला?" असं. ती हो म्हणाली होती. काल नीट विचारलं. पाऊण तास बोलली. मुख्य मुद्दे: स्वतःचं दार, स्वतःचा ओटा, आणि शयनगृहाची खिडकी चौकाकडे उघडायची नाही. वहिनीची यादी यापेक्षा लांब आहे.

ताईबद्दल: २२ शेवटी मिळाला, तोपर्यंत तिघांचे झाले होते. तिने निवडला नव्हता.

चुलत_चुलत

आमची कथा ऐका, बोअरवेलची.

आडगावच्या बाजूला आजोबांची जागा, वडील आणि काकांनी शेजारी घरं बांधली. बोअर काकांच्या बाजूला लागलं, पाणी छान. मोटार काकांच्या मीटरवर. वडील दर महिन्याला अर्धे पैसे द्यायचे, हिशेब वहीत. वडील गेले, काका गेले. चुलत भावाने एका उन्हाळ्यात मोटार बंद ठेवली, म्हणाला पाणी खाली गेलंय. खरंच गेलं असेल. पण त्याच्या बागेत शिंपण चालू होतं. आम्ही टँकर आणले. आता आमचं वेगळं बोअर आहे, साडेचारशे फूट, पाणी एक इंच, आणि बोलणं दिवाळीपुरतं.

कोणाचीही नियत वाईट नव्हती. कागद नव्हता, एवढंच.

सातबारा

हेच सांगणार होतो. एका मालकाच्या जमिनीतून दुसऱ्याचा रस्ता, पाइप, गटार किंवा विहिरीचं पाणी जाणार असेल तर वहिवाटीच्या हक्काचा, म्हणजे सुविधाधिकाराचा, करार करून तो नोंदवा. १८८२ चा कायदा आहे, जुना पण ठणठणीत. नोंदवलेला हक्क प्लॉट विकला तरी जमिनीबरोबर जातो. "आमचं आहेच की ठरलेलं" हे पुढच्या पिढीला बांधत नाही. वीस वर्षं वापर सिद्ध करून हक्क मागता येतो, पण तेव्हा साक्षीला कोण जिवंत असतं?

पाथर्डीफाटा

वीज. मीटर चार घ्या, घराप्रमाणे. युनिट वाढले की महावितरणचा दर पायऱ्यांनी चढतो. चार घरांची बेरीज एका मीटरवर पडली तर सगळे वरच्या पायरीवर. आणि गच्चीवर सोलर बसवणारच असाल तर २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. ग्राहक एक असेल तर एकदाच. ग्राहक चार असतील तर चौघांना.

चौकातले दिवे, गेटची मोटार, बोअरचा पंप यांना कोणाच्या तरी मीटरवर टाकून "बघू नंतर" करू नका. वरच्या बोअरची कथा वाचा.

वीटवाळू

उशिरा आलो. साइटवर होतो. सध्या सिंहस्थ २०२७ ची कामं चालू आहेत, गवंडी फोन उचलत नाही आणि उचलला तर भाव सांगून ठेवतो.

कागदांचं झालं, आता मातीचं. मखमलाबादची जमीन बहुतेक ठिकाणी काळी. द्राक्षाला सोनं, पायाला शत्रू. उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसात फुगते. घराचा पाया लोक काळजीने मुरुमापर्यंत नेतात आणि कंपाउंड वॉलला दोन फूट खणून मोकळे होतात. तिसऱ्या पावसाळ्यात भिंत रेल्वेच्या डब्यासारखी मधून सुटते. तुम्ही मधल्या भिंती बांधत नाही, हे सगळ्यात शहाणपणाचं.

प्रत्येक प्लॉटवर किमान एक खड्डा घ्या, एका खड्ड्यावर विसंबू नका. मी एका ले-आऊटमध्ये एका प्लॉटला चार फुटांवर मुरूम आणि पलीकडच्याला नऊ फुटांवर पाहिलाय, जुनी विहीर बुजवलेली निघाली. काळी माती काढा, जोत्यात मुरूम भरा, पाणी मारून थरावर थर धुमस करा. घाईत भरलेलं जोतं दोन वर्षांनी कोबा घेऊन खाली बसतं.

चार घरं एकदम बांधणार नसलात तरी चारी जोती एकदम काढा. दादाचं घर उभं राहिलं आणि तीन वर्षांनी शेजारी खड्डा खणला की पहिली चीर त्याच्या हॉलमध्ये, आणि दुसरी तुमच्या संबंधात.

त्याआधी भूमी अभिलेखकडून मोजणी आणि तिची क प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा. ले-आऊटचे दगड जागेवर आहेत असं गृहीत धरू नका, ट्रॅक्टरने हललेले असतात. मखमलाबाद-हनुमानवाडी पट्ट्यात स्मार्ट सिटीच्या नगररचना योजनेवरून बरीच वर्षं रान पेटलं होतं, तेव्हा झोन दाखला आणि भाग नकाशा ताजा काढा.

आता मला सांगा, उतार कुठे आहे?

मखमली

समोरच्या रस्त्याकडून मागे. २२ नंबर साधारण दीड फूट खाली आहे.

वीटवाळू

म्हणजे तीन भावा-बापांच्या गच्च्या आणि चौक, सगळ्याचं पाणी बहिणीच्या घरात.

माजघर

😐

नकाशेवाला

ही माहिती पहिल्या पोस्टमध्ये हवी होती मखमली साहेब. माझा सुंदर चौक म्हणजे आता ताईच्या दिशेने कललेलं ताट आहे. वीटवाळू, भरणी करून उतार समोर वळवावा का?

वीटवाळू

दीड फूट भरणी चार प्लॉटभर? खर्च बाजूला ठेवा, १३ आणि १५ च्या बाहेरचे शेजारी ओरडतील. आणि भरावावर चौकाची फरशी कधी ना कधी खचते. निसर्गाच्या उताराशी भांडू नका. चौकाच्या मागच्या कडेला आडवी जाळीची चर, तिथून सहा इंची पाइप २२ च्या बाजूच्या मार्जिनमधून मागच्या रस्त्याच्या पावसाळी गटारात. मधे दोन चेंबर, साफ करता येतील असे. गच्च्यांचं पहिलं पाणी सोडून बाकीचं बोअरजवळच्या शोषखड्ड्यात. नियमाने पाचशे चौरस मीटर किंवा त्यावरच्या प्लॉटला पुनर्भरण सक्तीचं आहे, तुमचे वेगळे प्लॉट त्यात येत नाहीत, तरी करा. बोअर तुमचंच आहे.

मैला आणि पावसाचं पाणी एका पाइपात घालू नका. मैल्याची लाइन प्रत्येक घराची आपापल्या रस्त्याकडे.

सातबारा

आणि तो सहा इंची पाइप नोंदणीकृत करारात. नकाशा जोडून, चेंबरच्या जागांसकट, साफसफाईचा खर्च कोणाचा हे लिहून. बदल्यात ताईला चौकातून पुढच्या रस्त्यापर्यंत कायमचा येण्याजाण्याचा हक्क लिहून द्या. देणं-घेणं दोन्ही बाजूंनी असलं की करार टिकतो. आत्ता ती फक्त देतेय.

गुंठामंत्री

म्हणून म्हणतो बिल्डरला द्या.

दिंडीदरवाजा

मंत्रिमहोदय, बिल्डरच्या इमारतीतही पाणी खालीच जातं. फक्त तिथे बहीण अनोळखी असते.

चुलत_चुलत

एक प्रश्न. आई-अण्णा कोणाच्या घरात? १४ वर त्यांचं स्वतंत्र घर बांधणार असाल तर दोघांसाठी दोन मजले कशाला?

मखमली

१४ चा तळमजला आई-अण्णांचा. वर दोन खोल्या पाहुण्यांसाठी, पुढे मदतनीस लागला तर त्याला. आई म्हणते सिंहस्थात जळगावपासूनचे सगळे नातेवाईक इथेच उतरणार, तेव्हा वरचा मजला आधी पूर्ण करा.

नकाशेवाला

मग १४ चं जोतं तेवढं खाली ठेवा. दीड फूट उंच जोत्याला एकास बाराच्या चढाने अठरा फूट रॅम्प लागतो, तो चौकाचा अर्धा काठ खाऊन टाकेल. नऊ इंच खाली घेतलंत तर नऊ फुटांत भागतं. पण चौक त्याहून खाली आणि चर त्याहून खाली, ही साखळी पाळा. न्हाणीघराचं दार तीन फुटी, बाहेर उघडणारं किंवा सरकतं. आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार उघडत नाही.

वास्तूचा प्रश्न येणारच म्हणून आधीच सांगतो. आरसा-नकाशात एका घराचं स्वयंपाकघर आग्नेयेला आलं तर दुसऱ्याचं उलट बाजूला येतं. माझ्या दोन कामांत घोडं इथेच अडलं. जिना आणि न्हाणीघर आरशात ठेवा, स्वयंपाकघराची खोली सुटी ठेवा, ती पुढे-मागे हलवता येते.

मखमली

(तीन आठवड्यांनी)

मंडळी, काय काय झालं ते सांगतो.

एकत्रीकरण रद्द. चार उतारे, चार कर्जं, चार मीटर. दादाला पटवायला वेळ लागला. त्याला वाटत होतं वेगळे कागद म्हणजे आत्ताच वाटण्या. बँकेतल्या ओळखीच्या माणसाने सहकर्जदाराचे नियम समजावले तेव्हा तो गप्प झाला.

अण्णांना विचारलं, सातबारांनी सांगितलं तसंच. ते उठले, कपाटातून जुन्या डायरीत घडी घातलेला कागद काढला. २०१६ साली लिहिलेला. १४ आईला, आईनंतर तिघांना समान, आणि "मधली जागा कोणी अडवू नये" असं एक वाक्य खाली वेगळ्या शाईत. साक्षीदार नव्हते. वकिलाकडून नीट करून घेतोय.

गेल्या रविवारी मिसळ खाऊन सगळे प्लॉटवर गेलो. नकाशेवाल्यांचा आरसा-नकाशा आमच्या आर्किटेक्टने थोडा हलवून घेतला होता, त्याप्रमाणे चुन्याने आखणी केली. आई १४ च्या चुन्याच्या स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली, इथून दादाच्या ओट्याला हाक ऐकू जाते का बघा. जाते. वहिनीचा चेहरा बघून स्वयंपाकघर पलीकडच्या बाजूला सरकवलं.

मग वीटवाळूंचं आठवून टँकरवाल्याला चौकाच्या जागी पाणी सोडायला सांगितलं. भाची पाण्यामागे काडी घेऊन चालत गेली. पाणी १४ ची मागची हद्द ओलांडून तिरपं गेलं आणि जिथे ताईच्या देवघराची आखणी होती तिथे थांबलं. चपलेचा तळवा बुडेल एवढं. चुन्याची रेघ विरघळून गेली. कोणी काही बोलेना. दाजी पाण्याकडे बघत होते, दादा मोबाइलकडे.

ताई म्हणाली, "आधी पाइप. मग तुमची जोती."

तसंच ठरलंय. पाइप, चर आणि चेंबर पहिलं काम, खर्च तिघांचा, ताईचा शून्य. करारात तिला चौकातून पुढच्या रस्त्यापर्यंत वाट, आठ फूट रुंद, चारचाकी जाईल अशी. तिच्या घराचं जोतं बाकीच्यांपेक्षा उंच. आणि दादाने स्वतःहून विचारलं की २२ ऐवजी १३ हवा का. ती म्हणाली, नको, मागच्या रस्त्याला वर्दळ कमी आहे, मला तिथेच बरं वाटेल, पण विचारलंस ते बरं केलंस.

एवढं सगळं ठरलं आणि गाडी एका क्षुल्लक गोष्टीवर अडलीय. १४ आणि २२ मधे मागची भिंत राहणार, त्यात ताईच्या वाटेचं एक दार. आई म्हणते कडी आमच्या बाजूने, चोरांचं काय सांगावं. ताई काही म्हणत नाही. कडी कोणत्या बाजूला लावू?

माजघर

दोन्ही बाजूंनी. आमची एकाच बाजूने होती, मोठ्या जाऊबाईंच्या. सहा वर्षं रोज संध्याकाळी आम्ही दोघी कान लावून असायचो, आज किती वाजता लागते.

वीटवाळू

आणि लोखंडी नको. पावसात गंजून अडकते, मग रागाने लावल्यासारखी वाटते. पितळी घ्या.